रगूकाका

आळंदी रस्त्याने विश्रांतवाडीत शिरलं की दर दुसऱ्या सोसायटीत एक तरी रगूकाका सापडतात. सरकारी खात्यातून निवृत्त, मुलगा परदेशात, आणि त्याच्याकडे तीन आठवडे राहून आल्यापासून स्वयंपाकघरात लुडबुड. आमच्या मजल्यावरच्यांना हे नाव पडलं ते 'रगू'मुळे. रगू म्हणजे इटलीतल्या बोलोन्या शहरचा खिमा. हे वाक्य त्यांच्यासमोर मात्र बोलू नये.

"खिमा नाही, रगू! बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १७ ऑक्टोबर १९८२ रोजी रीतसर नोंदवलेली पाककृती आहे."

जन्मभर फायलींत बुडालेल्या माणसाला तारीख आणि नोंदणी असलेलं कालवण भेटलं! काका पाककृती वाचत नाहीत, तिची अंमलबजावणी करतात. मूळ कागदात गोमांस आणि डुकराचं खारवलेलं मांस. पहिल्यावर महाराष्ट्रात कायद्याची बंदी, दुसऱ्यावर काकूंची. म्हणून बोकडाला 'तात्पुरती मान्यता'. सेलरी भाजीवाल्याकडे नसली की कोथिंबिरीच्या देठांनाही तीच.

गाजर, कांदा आणि हे देठ तांदळाएवढे बारीक चिरायचे असतात. चिरतात काकू. काका पातेल्याशी उभे राहून "मंद आच" एवढंच म्हणतात.

"लसूण?"

"कागदात नाही."

"गरम मसाला?"

"नाही."

"मग मटणाचा उग्र वास जायचा कसा?"

उत्तरादाखल काका वाईन ओततात. टोमॅटो बेताचाच. आणि मग दूध! दुधाने टोमॅटोचा आंबटपणा मोडतो, हे काका समजावत असतात; पण मटणात दूध पडताना काकू तिथे थांबत नाहीत. पुढे दोन तास पातेलं रटमटत राहतं आणि मजला वासाने बेजार होतो.

तोवर पास्ता. बोलोन्यात रगू स्पॅगेटीवर घालत नाहीत. तिथे मैदा-अंड्याच्या रुंद पट्ट्या लागतात, तागलियातेल्ले. त्यांची रुंदीही १९७२ साली नोंदवलेली आहे: शिजल्यावर ८ मिलिमीटर. काका पोळपाटावर नातवाची फूटपट्टी धरतात. काकू म्हणतात, "दिवाळीच्या चकल्या कधी मोजल्या नाहीत ते!"

गेल्या रविवारी मी घात केला. म्हटलं, "काका, ती पाककृती २०२३ साली सुधारून पुन्हा नोंदवलीय. दूध आता ऐच्छिक आहे."

कालथा थांबला. आतून काकूंचा आवाज आला, "बघा! त्यांनीसुद्धा सोडलं."

काकांनी चष्मा पुसला, दुधाचं भांडं उचललं आणि शांतपणे पातेल्यात रिकामं केलं. "सुधारित आदेश नव्यांना लागू. आम्ही जुन्या योजनेतले."

खरं सांगायचं तर तो खिमा (माफ करा, रगू) लागतो झकास. लसूण नाही, मसाला नाही, तरी वाटी पुसून खावी असा. तुम्हीही घरी करून बघा. कागद जुना धरा की नवा, आच मंद ठेवा. आणि गाजर तेवढं स्वतः चिरा.