नोटेड, सर

आमच्या नायगावात पुतण्याचे साहेब दर शुक्रवारी चार वाजता येतात. येतात म्हणजे माडीवरच्या लॅपटॉपवर दिसतात, तेही छातीपासून वर. कंपनी हिंजवडीची, पुतण्या लॉकडाउनपासून घरूनच काम करतो. साहेब व्हाइस प्रेसिडेंट आहेत. आबांनी त्याचा अर्थ उपराष्ट्रपती असा लावला आणि पहिल्या वेळी ते टोपी घालून मागं बसले.

साहेबांची सुरुवात ठरलेली. "आपण एक फॅमिली आहोत." हे ऐकलं की पुतण्या खुर्चीत सावरून बसतो. मागं एकदा असंच फॅमिली म्हणाले आणि त्याच आठवड्यात टीममधले चौघे घरी गेले.

"मधीच?" आबा म्हणाले. "सालगड्यालाबी पाडव्यापर्यंत कुणी हलवत नाही की रे."

"आबा, त्याला रिऑर्ग म्हणतेत."

रिऑर्ग हा साहेबांचा जीव की प्राण. दर तीन महिन्यांनी नवा तक्ता येतो. चौकटी त्याच, बाण तेवढे फिरतात. दोन वर्षांत पुतण्याला चार मॅनेजर झाले, त्यातला तिसरा तर चेहरा लक्षात राहायच्या आत गेला. तक्ता फिरला की हातातलं काम गुंडाळायचं आणि दुसरं धरायचं. आबांना हे काही केल्या पटेना. "पाऊस पडूनबी दुबार पेरणी?"

तासांचंही तसंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तास गाजले. दोन्ही वेळा साहेबांनी बातमी ग्रुपवर टाकली आणि खाली एकच शब्द लिहिला, "थॉट्स?" विचार कुणाचेच नको होते, अंगठे हवे होते. ते भराभर आले.

पण साहेब खरे कळतात ते सर्व्हेत. कर्मचाऱ्यांचं मनोबल मोजायचं, मोकळेपणानं लिहा, नाव गुप्त राहील. मग खाली विचारतात टीम कुठली, नोकरीला वर्षं किती, वय काय, राहता कुठं. तालुका नायगाव, जिल्हा नांदेड! अख्ख्या कंपनीत हा एकटाच. पहिल्या वर्षी त्यानं भाबडेपणानं लिहिलं, की ग्राहकाला तारीख कबूल करण्याआधी काम करणाऱ्यांना एकदा विचारा. सोमवारी सकाळी साहेबांचा फोन. आवाजात साय. "सगळं ठीक आहे ना घरी?"

तेव्हापासून तो प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी पाच देतो. बाकीचेही देत असणार, कारण यंदा साहेबांनी आलेख दाखवला तर मनोबल पार छताला टेकलेलं. "कुणाला काही बोलायचंय?" त्यांनी विचारलं. दोनशे माइक बंद. साहेब भरून पावले.

हाच पोरगा पूर्वी ताटावरून उठून जायचा, प्रोग्रॅममधली चूक आत्ता सापडली म्हणून. आता चूक ढळढळीत दिसत असते, साहेब त्यावरच नवी तारीख ठोकतात आणि हा टाइप करतो, "नोटेड, सर." आमच्याकडं सून सासूला "बरं" म्हणते, त्याच चालीवर.

परवा मीटिंग ऐन रंगात असताना लाइट गेली. वायफाय गेलं, साहेब उघड्या तोंडानं गोठले. मागच्या वर्षी असं झालं की हा लॅपटॉप काखोटीला मारून रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढायचा. एकदा तर नरसीला लाइट आहे असं कळल्यावर मोटारसायकलवर मामाच्या घरी गेला होता.

"इन्व्हर्टर घेणार होतास की," मी म्हणालो.

"कशाला काका? येईल तवा येईल." त्यानं लॅपटॉप मिटला, भुईमुगाच्या शेंगांची टोपली ओढली आणि आबांना दाणे सोलून द्यायला बसला.