घडीच्या घराची मीमांसा

ब्रिटनमध्ये ‘फोल्डिंग कॅम्पर’ म्हणून विकले जाणारे वाहन म्हणजे तंबू आणि कारव्हॅन या दोहोंच्या मधले, चाकांवरचे घडीचे घर होय. मोटारीमागे जोडलेले असताना ते कमरेइतक्या उंचीची बंद पेटी असते. मुक्कामी पोहोचल्यावर तिच्या दोन्ही अंगांनी एकेक पलंग बाहेर ओढला जातो, नळ्यांच्या सांगाड्यावर सुती कापडाचे छत चढते आणि आडवी निजवलेली ओटा-शेगडी उभी केली की स्वयंपाकघर तयार होते. नव्या घराच्या जाहिरातीत या सगळ्याला लागणारा वेळ मिनिटांत दिलेला असतो. जुने घर विकणारा वेळेविषयी बोलत नाही, आणि या मौनाचा अर्थ ग्राहकाला यथावकाश कळतो.

इंग्लंडात स्थायिक झालेला मराठी मध्यमवर्गीय अशी वस्तू घेतो तेव्हा ती जुनीच घेतो, त्याला काटकसर न म्हणता विवेक म्हणतो, आणि खरेदीपूर्वी कसून अभ्यास करतो. प्रस्तुत लेखक याच वर्गाचा प्रतिनिधी असल्यामुळे त्याने प्रथम कायदा हाती घेतला. एकूण वजन 750 किलोपर्यंत असल्यास ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात, त्यापुढे ते सक्तीचे होतात. ट्रेलर ओढताना मोटरवेवर ताशी 60 मैलांची मर्यादा असते व तीन पदरी मार्गाचा सर्वांत उजवा पदर वर्ज्य ठरतो. 1997 पासून मोटारीचा परवाना मिळवणाऱ्यांना जड ट्रेलरसाठी जी वेगळी परीक्षा द्यावी लागे, ती 16 डिसेंबर 2021 रोजी रद्द झाली. ही शेवटची अट बहुतेक घडीच्या घरांना आधीही आडवी येत नव्हती. तथापि जे ज्ञान उपयोगी पडत नाही तेच जेवणाच्या टेबलावर अधिक शोभून दिसते, आणि ऐकणारी मंडळी ताटे उचलून निघून गेली म्हणून त्याचे मोल उणावत नाही.

अशा ट्रेलरला मोटारीसारखी सक्तीची वार्षिक तपासणी नसते, त्यामुळे तपासनिसाचे पद आपोआप ग्राहकाकडे येते. टायरच्या कडेवरील चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात; ते वाचणे महत्त्वाचे, कारण वर्षातून मोजके दिवस धावणाऱ्या या वाहनाचे टायर झिजून नव्हे, तर उभ्या उभ्या तडकून निकामी होतात. कापडाची परीक्षा मात्र नाकानेच करावी लागते, कारण ओल्या सुती कापडाची घडी करून ठेवली की त्यावर बुरशी धरते आणि तो वास लपवता येत नाही. एका अनोळखी वृद्ध बाईंच्या परसात, त्यांच्या देखत, त्यांच्या पलंगावरचे छत कोपऱ्याकोपऱ्यातून गंभीर मुद्रेने हुंगत फिरणारा गृहस्थ स्वतःला तज्ज्ञ समजत असतो. बाईंनी त्याला काय समजले याची नोंद उपलब्ध नाही. त्यांनी चहा दिला, किंमत आपण होऊन कमी केली, आणि घासाघिशीची सारी तयारी फुकट गेली. विक्रीचे कारण विचारले असता त्या एवढेच म्हणाल्या की याला दोन माणसे लागतात. वजनाच्या गणितात गढलेल्या तज्ज्ञाने हे विधान तांत्रिक माहिती म्हणून टिपून घेतले.

घराला जोडायची ‘ऑनिंग’, म्हणजे एका बाजूची कापडी पडवी, हा या संसाराचा सर्वांत दुर्बोध भाग असतो. तिच्या नळ्या पिशवीतून गवतावर ओतल्या की त्यांपैकी एकही आपले स्थान सांगत नाही. येथे इतिहासाकडे वळणे भाग आहे. अकबराची छावणी हलवायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल लागत, असे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवले असून, तंबू उभारणारे फर्राश त्याहून वेगळे होते. औरंगजेबासोबत काश्मीरला गेलेला फ्रेंच प्रवासी बर्निए सांगतो की बादशहाजवळ तंबूंचे दोन संच असत आणि तो एका मुक्कामी असतानाच दुसरा पुढच्या मुक्कामी उभा राही. या पुढे जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत. इंग्लंडात हौसेखातर फिरते घर बांधून घेणाऱ्यांचे आद्य पुरुष मानले जाणारे आरमारी डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स 1885 साली ‘वाँडरर’ नावाच्या गाडीतून निघाले, तेव्हा सोबत दोन घोडे, एक गाडीवान आणि तीनचाकी सायकलवरून पुढचा रस्ता पाहून येणारा एक नोकर होता. तंबूतल्या मुक्त जीवनाचे गोडवे गाणाऱ्या वर्गाचा अंगठा मेखा ठोकताना फारसा चेचला गेला नसावा, असा निष्कर्ष यातून निघतो. मराठी अभिमान तर उभारणीच्या वाटेला जातच नाही: 1689 साली संताजी घोरपडे यांनी तुळापूरच्या छावणीत शिरून बादशाही डेऱ्याचे तणावे, म्हणजे त्याला ताणून धरणारे दोर, कापले आणि सोन्याचे कळस पळवले, ही परंपरेने सांगितली जाणारी हकिकत मराठी मुले बालपणीच ऐकतात. राहुट्या मराठी फौजेतही होत्या आणि त्या कोणीतरी उभारत असणारच, परंतु त्या कोणीतरीचे नाव कोणी मुलाला ठेवत नाही.

असा वारसा लाभलेला गृहस्थ वेल्समधल्या एका उतरत्या कुरणावर हातात मोगरी घेऊन उभा राहतो, तेव्हा शेजारचे मुक्कामी खुर्च्या थोड्या वळवून घेतात. ते हसत नाहीत, सल्लाही देत नाहीत, आणि खरा वैताग येतो तो या सौजन्याचाच. परदेशात बरीच वर्षे काढलेल्या माणसाला आपल्याला कोणी निरखत आहे आणि त्याविषयी सभ्यपणे गप्प आहे, ही जाणीव एव्हाना ओळखीची झालेली असते, आणि त्यापुढे एखादा माणूस खदखदून हसला असता तर बरे, असे वाटू लागते. अशा वेळी पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणण्यात लेखकाने दाखवलेली एकाग्रता घर सरळ करण्यासाठी नव्हती.

“अहो, त्या कागदावर लिहिलंय ना सगळं,” असे सौभाग्यवतींनी म्हटल्यावर त्या घरासोबत आलेल्या दस्तऐवजाचे वाचन झाले. प्लास्टिकच्या पिशवीतील त्या पानावर दोन हस्ताक्षरे होती: निळ्या शाईतील ठाम, क्रमांक घातलेल्या सूचना पुरुषी वळणाच्या, आणि त्यांच्या शेजारी पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या, जसे की आधी डावा खांब, घाई करू नये, चौथ्या सूचनेकडे दुर्लक्ष करावे. नळ्यांच्या टोकांना लाल व पिवळ्या चिकटपट्ट्या होत्या, आणि पिवळ्यांचा उल्लेख केवळ पेन्सिलीत होता. बाईंना दोन माणसे लागतात म्हणजे कोणते दुसरे माणूस लागत होते, हे त्या कुरणावर, कागद वाऱ्याने फडफडत असताना, तज्ज्ञाच्या ध्यानात आले, आणि काही काळ मोगरी चालली नाही.

नंतर पाऊस आला, जो तिकडे येतोच. भिजल्यावर सुताचे धागे फुगून कापड आपोआप घट्ट होते, मात्र आतून त्याला हात लावल्यास तेथूनच पाणी पाझरू लागते, हे तत्त्व समजावून सांगताना लेखकाचे बोट नेमके छताला टेकलेले होते. ओले कापड घरी नेल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा उघडून वाळवावे लागते. म्हणून परतल्यावर पडवीसह सगळे घर घराच्याच अंगणात उभारावे लागले आणि ते काम या वेळी सौभाग्यवतींच्या देखरेखीखाली, पिवळ्या पट्ट्या आधी व लाल नंतर अशा क्रमाने, अर्ध्याहून कमी वेळात उरकले. कागदावर आता तिसरे हस्ताक्षर आहे, देवनागरी, आणि ते सातव्या सूचनेच्या खाली म्हणते की या टप्प्यावर ह्यांना बोलू देऊ नये.