ब्रेक दाबा, उजेड पाडा

सासरेबुवांची पद्मिनी आमच्या दारात आली ती नवा रंग लावून आणि एका अटीवर: तिला नावं ठेवायची नाहीत. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची ही कुर्ल्याची लेक. 1974 मध्ये तिला पद्मिनी हे राणीचं नाव मिळालं. तेव्हा गाडी बिघडली म्हणायचं नाही. राणीसरकारांची तब्येत नरम आहे, म्हणायचं.

पन्हाळ्याला निघालो होतो. कऱ्हाड मागं पडलं, तिन्हीसांज झाली, आणि ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळू लागला. पाय काढला की अंधार.

"समजूतदार आहे बाबांची गाडी," बायको म्हणाली. "थांबताना पेट्रोल किती उरलंय ते दाखवते."

तावडे हॉटेलपाशी एक बुलेटवाला आम्हाला मागून बघून पुढं गेला, पुढून बघून परत मागं आला.

"पाव्हणं, डावा ब्रेकलाइट मेलाय. आन् ब्रेक दाबला की म्होरचं बारकं दिवं पेटालेत!"

कोल्हापुरात पत्ता सांगत नाहीत, नेऊन पोचवतात. त्यानं आम्हाला थेट उद्यमनगरात एका वायरिंगवाल्या मिस्त्रींपुढं उभं केलं. बॉनेट उघडायच्या आत पाचसहा तज्ज्ञ जमले. एकानं बॅटरी बदलायला सांगितली, दुसऱ्यानं डायनमोवर संशय घेतला. तिसऱ्याचं मत, आधी अंबाबाईला जाऊन या. आमचा बुलेटवालाही घरी न जाता फ्यूजच्या बाजूनं भांडत होता.

मिस्त्रींनी आधी चहा सांगितला. मग एका लांब वायरीचं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला चिमटलं, दुसरं डाव्या दिव्याच्या पत्र्याला टेकवलं. "दाबा ब्रेक."

दिवा लखकन पेटला. डॅशबोर्ड काळाठिक्कर.

"आर्थिंग," मिस्त्री म्हणाले. तज्ज्ञमंडळी 'मी तेच म्हणत होतो' अशा चेहऱ्यानं माना हलवू लागली.

मला कळेना. बिघाड मागच्या दिव्यात, मग उजेड पुढं कसा?

"गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोड बंद झाला, तर लोकं घरात बसत्यात व्हय? बोळातनं जात्यात की."

गाडीत दिव्याला येणारी वायर एकच; करंट परत जातो तो गाडीच्या पत्र्यातून. या बल्बच्या एकाच काचेत दोन तारा होत्या, 21 वॅटची ब्रेकची आणि 5 वॅटची टेललाइटची. पत्र्याचा रस्ता तुटल्यावर ब्रेकचा करंट बारक्या तारेतून उलटा घुसला आणि टेललाइटच्या लाइनवरचे पार्किंगचे अन् डॅशबोर्डचे दिवे पेटवत पुढच्या पत्र्याला जाऊन मिळाला. इतकी घरं फिरल्यावर डाव्या ब्रेकलाइटसाठी जोर उरणार कुठून?

डिक्कीत वाकून मिस्त्रींनी दिव्याचा स्क्रू काढला. खाली गंज, आणि गंजावर नव्या रंगाचा जाड थर. पॉलिश पेपर फिरवता फिरवता ते पुटपुटले, "रंग कुणी दिला म्हणायचा?"

अट आठवून मी रंकाळा किती लांब आहे, ते विचारलं.

"बाबांनी," बायको म्हणाली. "स्वतः उभं राहून दोन हात मारून घेतले."

स्क्रू आवळला, ब्रेक दाबला. दिवा टकाटक. डॅशबोर्ड गप्प. मी पाकीट काढलं, तर मिस्त्री हात पुसत मागच्या सीटवर बसलेसुद्धा.

"टेस्टिंग नको? रस्त्याला धक्के बसल्याबिगर आर्थिंगचं खरं कळत न्हाई."

शिवाजी पूल ओलांडला. प्रत्येक खड्ड्याला ते "बेस्ट" म्हणत होते. केर्ली आली तशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हितं डावीकडं घ्या. सासुरवाडी हाय. पैसं ऱ्हाऊ द्यात, जेवूनच जावा."