पैसे आले, बिल कुणी भरायचं?

दुबई-रियाधहून किल्लारीच्या खात्यात पैसे पडायला आता फार वेळ लागत नाही. अडतं ते पुढं. लाइटबिलाचा मेसेज बापाच्या फोनवर, बँकेचा ओटीपी पोराच्या बंद पडलेल्या सिमवर, एटीएम कार्ड धाकट्याच्या खिशात आणि पिन सगळ्या भावकीला तोंडपाठ. पैसे असून मीटर कापलं जातं, सोसायटीच्या कर्जाची मुदत टळते. मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला आपल्या राज्यात व्याज पडत नाही. मुदत हुकली की ती सवलत गेली, मग पोरगं तिकडं कितीही ओव्हरटाइम करो.

याचं मूळ एका सल्ल्यात आहे: ‘बँकेला कशाला सांगायचं बाहेर गेलास म्हणून?’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाला गावातलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. परकीय चलनाच्या फेमा कायद्याप्रमाणे ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशाचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई ठेवायला एनआरई खातं असतं आणि त्याच्या व्याजावर इथं आयकर नाही. ज्यानं हे लपवलं तो सोयीलाही मुकतो. २०२३ पासून सौदी, अमिरात, ओमान, कतारच्या मोबाइल नंबरवरही यूपीआय चालवायची मुभा मिळाली, पण एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तरच. ज्या सिमसाठी घरादाराचा जीव टांगणीला लागतो, त्या सिमची गरजच उरत नाही. बँक ही सेवा देते का, तेवढं आधी विचारून घ्यावं. महावितरणचा ग्राहक क्रमांक जवळ असला की बिल कुठूनही भरता येतं, आगाऊ रक्कमही जमा करता येते.

घरखर्चाचे पैसे मात्र आईच्या स्वतःच्या खात्यावर टाका. मुलानं आईला दिलेल्या पैशावर, रक्कम कितीही असो, तिला आयकर लागत नाही. खातं तिचं, फोन तिचा, पासबुक तिच्या हातात. जी बाई चार एकराचा हिशेब तोंडी ठेवते तिला ‘तुला काय कळतंय’ म्हणून बाजूला सारायचं आणि घर रियाधहून व्हिडिओ कॉलवर चालवायचं, हे मला पटत नाही.

हुंडीवाल्याबद्दल एवढंच: तो भाव दोन पैसे जास्त देतो, पण पावती देत नाही आणि पैसे बुडाले तर तक्रारीला दार नाही. तो व्यवहार बेकायदा आहे. एक्स्चेंज हाऊसमध्ये तरी नुसती फी विचारून थांबू नका. खरी कात्री दरात असते. हातात पडणारे रुपये किती, हे दोन ठिकाणी विचारा.

आणि वारस. हे किल्लारीत सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगडमातीच्या घरांखाली माणसं गेली, त्यांच्याबरोबर पेट्यांमधले कागदही गेले. कोण कुणाचा वारस, हे सिद्ध करत फिरणं काय असतं, ते या पट्ट्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्याच गावातलं पोरगं आखातात उंच बांधकामावर चढतं आणि खात्याला नॉमिनीचं नाव नसतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, मालकी मात्र कायदेशीर वारसांची असते. म्हणून जमीन-घराचे कागद आणि मृत्युपत्र वेगळं पाहावं लागतं.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के होता, केरळच्याही वर. केरळनं १९९६ मध्येच परदेशी गेलेल्यांसाठी सरकारात स्वतंत्र खातं काढलं. आपल्या बँकांनी किल्लारी-औशात महिन्यातून एक दिवस या कुटुंबांसाठी टेबल मांडलं तरी पुष्कळ होईल.

तोवर, पोरांनो, पुढच्या सुट्टीत आलात की लग्नकार्याच्या आधी एक सकाळ बँकेसाठी ठेवा. आईला सोबत न्या आणि फॉर्मवर तिची सही तिलाच करू द्या.