क्षमतावाले सर

गोरेगावात स्टेशनच्या पूर्वेला आणि पश्चिमेला मिळून छोट्या संस्था पुष्कळ. कुणी बालवाडी चालवतं, कुणी आरेच्या पाड्यावर अभ्यासिका, कुणी भगतसिंग नगरात बचतगट. या सगळ्यांच्या दारी कधी ना कधी क्षमतावाले सर येतात. दर वेळी माणूस वेगळा, पण सर तेच. खादीचा कुर्ता, खाली जीन्स, पाठीवर लॅपटॉप, काखेत फ्लिपचार्टची गुंडाळी. प्रवासखर्चाला व्हाउचर लागतं म्हणून रिक्षावाल्याकडे पावती मागणारे मुंबईतले हे एकमेव गृहस्थ.

सर पूर्वी कंपनीत होते. तिथे ते काय करायचे हे त्यांनी दोनदा सांगूनही कुणाला कळलेलं नाही. आता ते संस्थेची 'संघटनात्मक क्षमता' मोजतात आणि मग ती वाढवतात. मोजायला एक तक्ता असतो : नेतृत्व, आर्थिक व्यवस्थापन, मनुष्यबळ, दस्तऐवजीकरण. प्रत्येकाला 1 ते 5 गुण. गुण संस्थेनेच स्वतःला द्यायचे, कारण प्रक्रिया सहभागी हवी. संस्था चालवणाऱ्या ताई सगळीकडे 5 लिहून मोकळ्या होतात. मग सर हळुवार समजावत सगळ्यांचे 2 करून घेतात. सहभागी प्रक्रिया ती हीच.

त्याआधी खेळ होतो. "तुम्ही प्राणी असता तर कोणता असता?" आरेतून आलेली ताई गप्प. सर सुचवतात, "बिबट्या?" ताई म्हणते, "त्याची चेष्टा नको सर. काल कुत्रं नेलंय."

मग फ्लिपचार्टवर चौकोन. सर्वांत वर विश्वस्त मंडळ, खाली संचालक, त्याखाली कार्यक्रम, हिशेब, जनसंपर्क. नावं भरायला घेतली की प्रत्येक चौकोनात एकाच ताईचं नाव येतं. झाडलोटीचा चौकोन सर काढत नाहीत. नाहीतर तिथेही तेच नाव आलं असतं.

"निर्णयप्रक्रिया लेखी आहे का?"

"लिहीत बसलो असतो तर निर्णय कधी घेतला असता?"

"बरं. ताई, उद्या तुम्ही नसलात तर?"

"नसायला कुठे चालले? सोमवारी रेशन ऑफिसात जायचंय."

सर वहीत लिहितात : सेकंड लाइन नाही.

1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीने बायकांना थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवलं, तेव्हा हे सर असते, तर त्यांनी दस्तऐवजीकरणाला 1 दिला असता आणि लाटण्यांची स्टॉक नोंदवही मागितली असती. पण खरं सांगायचं तर सरांच्या बाजूचा पुरावाही गोरेगावातच आहे. मृणालताईंचे पती केशव गोरे 1958 साली गेले, त्यांच्या नावाने ट्रस्ट उभा राहिला, आणि मृणालताई 2012 साली गेल्या. केशव गोरे स्मारक ट्रस्टचं काम मात्र सुरूच राहिलं. संस्था माणसापेक्षा जास्त जगायची असेल तर सोमवारी रेशन ऑफिसात जाणारं दुसरंही कुणी लागतं, हे सरांचं म्हणणं खोटं नाही. ते म्हणायला पॉवरपॉइंटच्या इतक्या स्लाइड लागत नाहीत, एवढंच.

सरांचा सुळसुळाट का झाला, याचं उत्तर कायद्यात आहे. 2020 साली परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. मोठ्या संस्थांना तो पैसा छोट्यांना देता येईना, मग प्रशिक्षण देता येतं ते देऊ लागल्या. त्यात कंपन्यांचा सीएसआर निधी. त्यासाठी 2021 च्या एप्रिलपासून सीएसआर-1 चा फॉर्म भरून नोंदणी लागते. शिवाय ट्वेल्व्ह-ए आणि एटी-जी या आयकरातल्या नोंदण्यांचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण. हे सगळं सांभाळायला हिशेबनीस हवा. त्याच्या पगाराला फंडर पैसे देत नाही. हिशेब कसा ठेवावा याच्या कार्यशाळेला देतो, जेवणासकट. ताईंनी हे सरांना विचारलं, की सर चष्मा पुसतात.

तरीही एक दिवस असा येतो, की सर तक्ता बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "लोखंडी कपाट उघडा." जुनी फाइल निघते. सर बाह्या सरसावून जमिनीवर बसतात. बघतात तर वरळीच्या धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी खजिनदार अजून हयात! त्यांच्या वर्षश्राद्धाचं जेवण सगळ्यांनी जेवलेलं असतं, पण बदल कळवणारा चेंज रिपोर्ट कुणी दाखल केलेला नसतो. बँक केवायसीसाठी त्यांनाच बोलावत असते. त्या दुपारी सर 'सस्टेनेबिलिटी' हा शब्द एकदाही उच्चारत नाहीत. ठराव कसा लिहायचा, मृत्यूचा दाखला कुठे जोडायचा, उशीर माफ करण्याचा अर्ज कसा करायचा, हे सांगतात आणि वकिलाला स्वतः फोन लावतात. ताई पहिल्यांदाच चहाबरोबर खारी देतात.

अहवालात या दुपारचा उल्लेख येत नाही. त्यासाठी तक्त्यात रकानाच नसतो.

माझं मत विचाराल तर सरांना बोलवा, पण फ्लिपचार्ट रिक्षातच ठेवायला सांगा. आणि तुम्ही एखाद्या ट्रस्टवर असाल तर ते यायच्या आधी पीटीआरचा, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदवहीचा, उतारा काढून त्यातले किती विश्वस्त हयात आहेत ते बघा. बदल कळवायची मुदत 90 दिवसांची असते.