पुढच्या सीटवरचे काका

मुंबईत रस्ता विचारायचा झाला तर पानवाल्याला विचारू नये, हवालदाराला विचारू नये आणि हातातल्या फोनला तर मुळीच विचारू नये. सरळ लाल बसमध्ये चढावं आणि डावीकडच्या पहिल्या सीटकडे बघावं. काका तिथे बसलेले असतात.

काका एकच नाहीत. शीवहून फोर्टकडे जाणाऱ्या ६६ नंबरात ते पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात असतात, तर कुर्ल्याहून अंधेरीला जाणाऱ्या गाडीत चौकडीच्या. शर्ट बदलतो, वरच्या खिशातली प्लास्टिकची पिशवी तीच. तिच्यात पास, आधार कार्ड, रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि कुणीही न मागितलेले सुटे पैसे. मांडीवर शब्दकोड्याची घडी वर ठेवलेला पेपर आणि शेजारी छत्री. छत्री बारा महिने. पावसाळ्यात पावसासाठी, उन्हाळ्यात उन्हासाठी आणि हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर टोक टेकवून मुंबई दाखवण्यासाठी.

आमचे ६६ वाले काका गोदीतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. नोकरीभर ते बसनेच गेले. लोकलबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. "लोकलमध्ये माणूस पोचतो, जात नाही," असं ते म्हणतात. मध्यंतरी मुलाने हौसेने भुयारी मेट्रोतून फिरवून आणलं. आल्यावर काका दोन दिवस तेच सांगत होते. "खिडकी केवढी मोठी! आणि बाहेर काय? भिंत. काचेत आपलंच तोंड. ते बघायला घरी आरसा आहे की."

घरातल्यांचे वाढदिवस काकांच्या लक्षात राहत नाहीत, पण बसचा राहतो. १५ जुलै १९२६, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. हे ते अशा सुरात सांगतात, की पहिलं तिकीट त्यांनीच फाडून घेतलं असावं. डबलडेकर १९३७ साली आली हे सांगताना चेहरा उजळतो आणि जुन्या डिझेलच्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या, हे सांगताना चष्मा पुसला जातो. नव्या, विजेवरच्या वातानुकूलित डबलडेकरमध्येही ते एकदा वर जाऊन बसले होते. खाली उतरले ते नाराज होऊन. "वारा लागायचा नाही, तर वर चढायचं कशाला?" या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचाचं दहा झालं तेव्हा बसमध्ये पंधरा दिवस तोच विषय होता. काका मात्र शांत होते. म्हणाले, "दहा रुपयांत आज वडापाव येत नाही. इथे खिडकी येते."

काकांचं खरं कार्यक्षेत्र बसस्टॉप. बसच्या कपाळावरचा नंबर मराठीत असतो आणि नवख्या माणसाची दांडी तिथेच गुल होते. मराठी चार त्याला इंग्रजी आठ वाटतो. मग तो आठ नंबर म्हणून चार नंबरात चढू लागतो, आणि काका त्याला दारातून मागे ओढतात. "अरे, हा चार आहे, चार!" पुढची बस येईपर्यंत छत्रीच्या टोकाने फुटपाथवरच्या धुळीत पाटी गिरवणं चालतं. मराठी शाळा बंद पडताहेत अशी हाकाटी होते तेव्हा मला नेहमी वाटतं, की एक शाळा शीवच्या स्टॉपवर अजून भरते. तिला अनुदान नाही एवढंच.

त्याच स्टॉपवर एखादा तरुण ॲप उघडून जाहीर करतो, "चार मिनिटांत येतेय." काका मान किंचित तिरकी करतात. "सर्कलला सिग्नल आहे. त्यात शाळा सुटलीय. अकरा मिनिटं." बस अकराव्या मिनिटाला येते. तरुण फोन खिशात घालतो आणि चढताना काकांना आधी जाऊ देतो. हा वयाचा मान नव्हे, हरलेल्याने जिंकलेल्याला दिलेली वाट आहे.

बसमध्ये शिरल्यावर काकांची भाषा बदलते. पूर्व आणि पश्चिम या दिशा त्यांच्या लेखी सूर्यावरून ठरत नाहीत, रेल्वेच्या रुळांवरून ठरतात. ठिकाणांची नावंही त्यांची स्वतःची आहेत. माहेश्वरी उद्यानाला ते किंग्ज सर्कल म्हणतात, खोदादाद सर्कलला टीटी आणि जिजामाता उद्यानाला राणीबाग. पाट्या वाचता येत नाहीत असं नाही. पाटी महापालिकेची आणि नाव आपलं, अशी त्यांनी वाटणी करून टाकली आहे.

परवा दादरला एक मुलगी चढली. हातात फोन, कानात ते पांढरे बोळे.

"अंकल, हिंदमाता आलं की सांगाल?"

"काका म्हण. सांगतो की. हिंदमाताला काम काय?"

हा प्रश्न चौकसपणाचा नाही, तांत्रिक आहे. केईएम रुग्णालयात जाणाऱ्याने एका ठिकाणी उतरायचं आणि कापड घेणाऱ्याने दुसऱ्या.

"साडी घ्यायचीय. बहिणीचं लग्न आहे."

"मग थिएटरपाशी उतर. रस्ता ओलांडू नकोस. गिरणीच्या गेटकडे पाठ करून उभी राहा, उजव्या हाताला दुकानांची ओळ लागते."

"थिएटर कुठलं?"

"ते बंद झालं."

"आणि गिरणी?"

"तीही बंद झाली."

"मग दिसणार काय?"

काकांनी क्षणभर विचार केला. "दिसणार काही नाही. पण आहे तिथेच."

मागच्या सीटवरच्या मावशींना राहवलं नाही. "अहो, तिला काय कळणार गिरणी! पोरी, पूल संपला की उतर." त्यावर दारापाशी उभ्या असलेल्या गृहस्थाने पूल कुठून धरायचा, हा मुद्दा काढला. पुलावरून विषय पावसाच्या पाण्यावर गेला. हिंदमाताला कोणत्या साली कमरेएवढं पाणी होतं आणि कोणत्या साली छातीएवढं, यावर तिघांचे तीन आकडे निघाले. आता जमिनीखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्यात, असं कुणीतरी म्हणालं. टाक्या भरल्यावर काय, असं दुसऱ्याने विचारलं. कंडक्टरने मशीन काखेत धरून स्वतःचा एक पावसाळा सांगितला. सगळी बस रंगात आली होती. आणि छत्रीचं टोक काचेवर टेकवून काका शांतपणे म्हणाले, "हे बघ, हिंदमाता गेलं."

मुलगी ताडकन उठली. काकांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. "घाबरतेस काय? परळला उतर, समोरून कुठलीही गाडी घे. येताना उजव्या हाताला बस, म्हणजे दुकानं दिसतील." ती हसतहसतच उतरली. उतरताना "थँक यू, काका" म्हणाली. चुकवलेल्या स्टॉपबद्दल आभार मिळवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

"काका, तुम्ही उतरणार कुठे?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"शेवटी. चहा घेतो आणि हीच गाडी परत धरतो."

"काम काय असतं तिकडे?"

"तिकडे काही नाही, काम घरी असतं. सूनबाईचं ऑफिस घरातच आहे. दहा ते दोन मीटिंग. टीव्ही लावायचा नाही, खोकायचं नाही, कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. म्हटलं, घरात मीटिंग, तर आपलं बाहेर सीटिंग." स्वतःच्या कोटीवर ते पोटभर हसले. ही कोटी त्यांनी आधी निदान दोनशे जणांना ऐकवली असणार. मीही हसलो. पुढचा एक तास त्यांच्या शेजारीच बसायचं होतं.

तेव्हा वाचकहो, काका भेटले तर रस्ता जरूर विचारा. सांगतील तो बिनचूक असेल. मात्र घाई असेल तर विचारू नका आणि विचारलाच, तर आपला स्टॉप आपणच बघत राहा.

परतीच्या फेरीत काका टीटीला उतरले. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. बोरीबंदरहून सुटलेली मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री दादरला आली आणि ट्राम बंद झाली. कंडक्टर आजही "टीटी, टीटी" असंच ओरडतो आणि निम्मी बस तिथे रिकामी होते.