मामांचा पाझर तलाव

राळेगणसिद्धीत एस.टी.तून उतरणाऱ्याच्या पिशवीत बाटली असलीच तर ती तेलाची असते, नाहीतर फिनेलची. आमच्या मामांच्या पिशवीत एका उन्हाळ्यात स्पिरिटची बाटली निघाली. मामींनी बूच काढून वास घेतला आणि मटकन ओट्यावर बसल्या. पिणाऱ्याला खांबाला बांधून मारल्याच्या या गावच्या गोष्टी देशभर झालेल्या. इथल्या दुकानात बिडीसुद्धा मिळत नाही. आणि निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना नवऱ्याला ही बुद्धी!

"टेपचं हेड पुसायला आणलंय," मामा म्हणाले.

"आणि उरलेलं?" मामींनी विचारलं.

मामा पारनेर आगारात कंडक्टर होते. आयुष्यात त्यांनी चहाखेरीज दुसरी कशाची तलफ केली नाही, पण गाण्याचं म्हणाल तर माणूस पक्का व्यसनी. पगार झाला की एक कॅसेट, हा नियम. पुण्याची ड्युटी लागली की मधल्या सुट्टीत कर्वे रोडवर अलूरकरांच्या दुकानात जाऊन भीमसेन जोशी, कुमार गंधर्व. नगरला गेले की प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. चारशेच्या वर कॅसेटी जमल्या. प्रत्येकीच्या कागदावर तारीख, किंमत आणि कुठल्या स्टँडवरून घेतली ते बॉलपेननं लिहिलेलं. या लिहिण्याला ते 'सातबारा' म्हणतात. ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून, वर घोंगडी टाकून हा सगळा ऐवज ठेवलेला. मामींचे दागिने कधीच याच्याइतके बंदोबस्तात नव्हते.

याच काळातली एक गोष्ट मामा स्वतः सांगत नाहीत, म्हणून मला सांगावी लागते. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी, म्हणून दारूच्या कंपन्या तेच नाव लावून सोड्याच्या, नाहीतर 'संगीताच्या कॅसेट आणि सीडी'च्या जाहिराती करायच्या. अख्ख्या महाराष्ट्रात ही जाहिरात एका माणसानं खरी मानली. मामा नगरच्या कॅसेटच्या दुकानात गेले आणि त्यांनी त्या कंपनीची सीडी मागितली. अंगात खाकी, खांद्याला चामडी बॅग. दुकानदारानं विचारलं, "ड्युटीवर आहात का?" मग समोरचं जाळीचं दुकान दाखवलं. मामा तिथेही गेले. "सीडी संपली असंल तर कॅसेट चालंल," असं त्यांनी जाळीतून सांगितल्याचं साक्षीदार ड्रायव्हर अजून सांगतो.

निवृत्तीनंतर मुलानं जुना कॉम्प्युटर दिला आणि मामांनी कॅसेटी त्यात उतरवायला घेतल्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरला. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही. पस्तिसाव्या मिनिटाला लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या वावरात मोटार सुरू झाली की अभंगात 'कट्ट' असा आवाज उतरे. लोळी गेलेली कॅसेट पेन्सिलीनं गुंडाळताना मामांचा चेहरा बघावा. तान्ह्या पोराला ढेकर काढायला घेतलेली बाईसुद्धा इतकी हळुवार नसते. चार वर्षं हे चाललं. रोज रात्री वहीत नोंद: किती उतरल्या, किती बाकी, किती खराब. वेबिल जुळल्याशिवाय जेवायचं नाही, ही तीस वर्षांची सवय.

मग आला स्मार्टफोन, आणि त्याच्या मागून महिन्याच्या भाड्यानं गाणी देणारी ॲप. दुसरा कुणी असता तर ट्रंक भंगारात देऊन मोकळा झाला असता. मामांनी मात्र यावर सिद्धान्त मांडला. तो त्यांच्याच तोंडून ऐकावा.

"भाच्या, कॅसेट म्हंजी आपली विहीर. पाणी कमी असंल, पण रात्री दोनला दोर सोडला तरी कुणाला इचारायचं नाय. हे ॲप म्हंजी टँकर. पाणी लई, पण टँकरवाल्याच्या मनात आलं तर. या गावानं टँकर बघितलेत."

त्यांचं सगळंच खोटं म्हणता येत नाही. वर्षाला जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पावसाचं हे गाव. १९७५ साली अण्णा हजारे फौजेतून परत आले आणि पुढं नालाबांध, समतल चर, पाझर तलाव असं माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं, तेव्हा विहिरींना पाझर फुटले. त्यात मामांनी पोरवयात टोपलं उचललेलं. आणि टँकर दगा देतो याचे दाखले त्यांच्यापाशी तोंडपाठ असतात. गूगल प्ले म्युझिकवर लोकांनी स्वतःची पन्नास-पन्नास हजार गाणी चढवून ठेवली होती. २०२० च्या डिसेंबरात ते दुकानच मिटलं. विंक २०२४ मध्ये बंद. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या मार्चमध्ये, झी म्युझिकचं आणि स्पॉटिफायचं फिसकटलं, तर गाणी एका रात्रीत गायब. "आवर्तन सुटंल तवा खरं," मामा म्हणतात. कुकडीच्या कॅनॉलचं आवर्तन आणि तीनतालाचं आवर्तन यांत ते कोणतं म्हणतात हे कधीकधी कळत नाही.

पण टँकर आला तर पाणी भरायचं नाही असं थोडंच आहे? मामांना दोन्ही हवं होतं, आणि एकाच हौदात. म्हणून त्यांनी असं एक ॲप शोधलं, ज्यात आपली गाणी चढवता येतात आणि कंपनीचीही त्याच यादीत ओवता येतात. घोषणाही तयार झाली: 'गाणी अडवा, गाणी जिरवा.'

खरी कटकट इथून सुरू झाली. कंपनीच्या खात्यात भीमसेन जोशी एक. मामांच्या खात्यात 'भीमसेन', 'पं. भीमसेन जोशी', 'पंडीत भिमसेन' आणि 'जोशी बुवा (सवाई)'. यंत्राला वाटलं हे पाच वेगळे गवई. "एका शिटावर पाच पंडित बसल्यात," म्हणत मामांनी महिनाभर नावं दुरुस्त केली. शिवाय एकच अभंग विहिरीतही आणि टँकरमध्येही. कोणता ठेवायचा? कंपनीचा आवाज स्वच्छ, मामांच्या प्रतीत मोटारीचा 'कट्ट'. मामांनी कंपनीचा काढून टाकला. कारण विचारलं तर म्हणाले, "त्यात कट्ट नाय." आता त्यांना त्या जागेवर कट्ट आला नाही तर समेला मान हलवता येत नाही.

सगळ्यात अवघड खटला मात्र स्टँडवर तीस रुपयांना घेतलेल्या एमपी-थ्री सीडींचा. एकेका सीडीत दीडशे गाणी, गायकाच्या जागी कुठल्याशा वेबसाइटचं नाव. पैसे दिलेत, म्हणजे आपली. पण गाणाऱ्याला छदाम गेला नाही, म्हणजे आपली कशी? तीन दिवस मामा गप्प होते. शेवटी त्यांनी तिसरा फोल्डर उघडला, नाव दिलं 'चोरीची मोटार'. कॅनॉलवर रात्री आकडा टाकून बसवतात तशी. या फोल्डरातलं गाणं ते ऐकतात, पण आवाज बारीक करून.

आता त्या पहाटेचं. मामांच्या वस्तीवरच्या मारुतीच्या देवळात सप्ताह होता. काकड्याला माणसं जमेपर्यंत भोंग्यावर अभंग लावायचं काम अर्थातच मामांचं. मोबाईल जोडला, स्वतः तयार केलेली यादी लावली. या ॲपचा एक गुण असा की आपण चढवलेल्या गाण्याला जाहिरात येत नाही. कंपनीच्या गाण्याला येते, कारण मामा फुकटे गिऱ्हाईक. पहिले चार अभंग विहिरीचे. पाचवा टँकरचा. चौथा संपला, पहाटेचे पाच, थंडी, अख्खी वस्ती कानटोपीत, आणि भोंग्यातून एक भारदस्त आवाज घुमला. यारदोस्त, मैफल, रात्र अजून बाकी आहे वगैरे, आणि शेवटी एका सोड्याचं नाव. सोड्याचंच, पण ते नाव सोड्याचं नाही हे तिथल्या सातवीतल्या पोरालाही ठाऊक.

वीणेकरी जागच्या जागी थांबले. एक म्हातारबा अंधारातून म्हणाले, "कोन रं त्यो? धरा त्याला." मामांनी धावत जाऊन वायर उपसली, ती नेमकी माईकची.

त्या दिवशी दुपारपर्यंत मामा ओट्यावर बसून होते. मामींनी चहा आणून ठेवला आणि जाता जाता विचारलं, "हेड पुसून झालं का?" संध्याकाळी मामांनी मुलाला फोन करून ॲपचे महिन्याचे पैसे भरायला लावले. रात्री वहीत नोंद केली. हा खर्च त्यांनी 'वर्गणी' या सदरात लिहिलेला नाही. 'दंड' असं लिहून दर महिन्याला रक्कम टाकलेली मी स्वतः पाहिली आहे.

जाहिराती बंद झाल्या. पण परवा गेलो तर मामा पडवीत यादी लावून बसलेले, आणि चार अभंगांनंतर तोच भारदस्त आवाज, तोच सोडा.

"मामा, पैसे भरलेत ना?"

"भरल्यात की. ही कंपनीची न्हाय, आपली हाये."

झालं होतं असं की सप्ताहाची पहाट कुणीतरी पोरानं मोबाईलवर भरून घेतली होती. मामांनी ती मागून आणली, नाव-गाव-तारीख घालून विहिरीत सोडली. चार अभंग, जाहिरात, म्हातारबांचा 'धरा त्याला' आणि वायर उपसल्याचा खाडकन आवाज, सगळं सलग.

"मधला तेवढा तुकडा कापून टाकायचा ना," मी म्हणालो.

"सप्त्यातलं हाये," मामा म्हणाले, "कापायचं नसतं." आणि म्हातारबांच्या ओरडण्याला त्यांनी मान हलवली.